डाव्या खिडकीतलं वाळवंट

जळगाव,
६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय नाना,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर पाठवलेलं तुम्ही उघडत नाही, म्हणून तुमच्या पुतण्याच्या, म्हणजे संघपालच्या, या पोरीने अखेर पोस्ट ऑफिस गाठलं. पाकीट मागितलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "राखी पाठवायची राहिली का?"

बातमी अशी की मी वाळवंटात चालले आहे. आमचा पाच गाड्यांचा कंपू आहे. दोन वर्षं झाली, रविवार आला की आम्ही जीपा घेऊन सातपुड्यातल्या पायवाटा, नाले, दगडगोटे असलं काही तरी शोधत हिंडतो. म्होरक्या ललित, तो ठिबकच्या नळ्या विकतो. प्रेमराज आणि त्याची बायको दिपमाला केळीवाले. आता डिसेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी जैसलमेरच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपतो तिथून आत गाड्या घालायच्या आणि तंबूत राहायचं. जाण्यायेण्याचे दिवस वेगळे.

मला तिथे का जायचंय सांगू? वर्षभर मी लोकांच्या बांधांवर उभी राहून जमीन मोजते. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ माझ्यासमोर एकमेकांच्या अंगावर धावतात. जिथे बांधच नाही ती जमीन दिसते तरी कशी, एवढं बघायचंय.

तुम्ही सहा वर्षं तिथे मिलिटरीचे ट्रक चालवलेत. सगळं धुळं तुम्हाला ड्रायव्हर नाना म्हणतं. (मला मात्र तुमच्या गाडीत बसायचा योग कधी आला नाही. लहानपणी विचारलं की म्हणायचात, "मिलिटरीची गाडी चालवलेला माणूस रिक्षा चालवत नाही.") तेव्हा सांगा: टायरात हवा किती ठेवायची? वाळू ओळखायची कशी? अडकलो तर काय करायचं? आणि खायचं काय?

तुमची,
स्नेहल


धुळे,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. स्नेहल,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

पत्र पोचलं. पोस्टमनने ते अशा चेहऱ्याने दिलं की जणू मला या वयात नोकरीचा कॉल आला. शेजारच्या तानुबाई येऊन विचारून गेल्या, कोर्टाचं काही आहे का.

पोरी, तू वाळवंटात जातेस हे वाचून मी दोनदा चहा केला. आता ऐक. वाळूत शिरण्याआधी टायरातली हवा निम्मी करायची. टायर पसरतो, वाळूवर तरंगतो. पहाटेच्या गारव्याने वाळू दबून बसलेली असते, तेव्हा अंतर कापायचं. ऊन चढलं की ती सुटी होते. थांबायचं तर उतारावर, गाडीचं तोंड खाली करून. टेकडी सरळ चढायची, आडवी कधीच नाही.

आणि आपल्या खानदेशातल्या माणसाची एक खोड तिथे नडते. काळ्या मातीत गाडी फसली की आपण काय करतो? ॲक्सिलेटर दाबून धरतो. चाकं गरगरतात, चिखल उडतो, खाली कडक लागलं की गाडी निघते. वाळूला खाली कडक नसतंच. जेवढं दाबशील तेवढी खाली जाशील. म्हणून फसलं की पहिलं काम, पाय काढायचा. हे मी नवीन असताना माझ्या डोळ्यांसमोर झालं आहे, सगळी दुपार खड्डा उपसण्यात गेली.

आता महत्त्वाचं. कणीक.

वारा असताना परात उघड्यावर काढायची नाही. कणीक गाडीच्या आत भिजवायची, वर ओलं फडकं, फडक्याची टोकं परातीखाली. चूल गुडघाभर खड्ड्यात आणि वाऱ्याकडे पाठ करून. बट्टी करणार असाल तर गोळे निखाऱ्यात टाकून वरून तापलेली वाळू लोटायची. दाताखाली कण येत नाही, फक्त गोळा वरून सुकलेला हवा. भांड्यांना पाण्याचा थेंब लावायचा नाही. कोरड्या वाळूने घासली की पितळ सोन्यासारखं दिसतं. दीडशे माणसांना साठ किलो कणीक लागायची, पाच गाड्यांत तुम्ही दहा जण धरले, तर हिशेब तूच कर. (असं आमचा स्वयंपाकी सांगायचा.) डाळीचं, कांद्याचं आणि पाण्याच्या पखालीचं पुढच्या दोन पानांवर सविस्तर लिहिलं आहे.

तुला म्हणून सांगतो, तिथली संध्याकाळ विसरता येत नाही. आम्ही उत्तरेकडे चाललेले असायचो, खिडकीवर डावं कोपर टेकवलेलं, त्या बाजूने सूर्य खाली जायचा आणि सगळी वाळू गुळासारखी व्हायची. सहा वर्षं ऊन खाऊन त्या कोपराचं कातडं काळं पडलं ते आजही आहे. लहानपणी तू त्याला "नानांचा नकाशा" म्हणायचीस. कान मात्र इंजिनाच्या आवाजाने गेले.

पाणी मोजून न्या. माणशी रोजचे सहा लिटर.

तुझा,
यादव नाना


जळगाव,
२१ ऑक्टोबर २०२४

आदरणीय नाना,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. प्रेमराजने तर फोटो काढून ठेवला. पण मोजणीवाल्या बाईला मोजल्याशिवाय राहवत नाही: गाडीवर एक पान आणि कणकेवर साडेतीन. वाळवंटात तुम्ही गाडी चालवत होतात की परातीभोवती घुटमळत होतात?

आता खरं सांगते, आधीच्या पत्रात सांगितलं नव्हतं. ललितने मला अट घातली आहे. म्हणतो, "ताई, सातपुड्याचा घाट वेगळा, वाळवंट वेगळं. तुझ्या गाडीत अनुभवी ड्रायव्हर पाहिजे. नसेल तर गाडी घरी ठेव आणि आमच्या मागच्या सीटवर दिपमालासोबत बस." बाकीच्या चार गाड्या पुरुष चालवतात, त्यातल्या एकानेही वाळवंट पाहिलेलं नाही, पण अट फक्त मला. ही जुनी जीप मी चार वर्षं पैसे साठवून घेतली, तिच्या क्लचची तार मी स्वतः बदलते. मागच्या सीटवर बसून वाळवंट बघायचं असतं तर मी यात्रा कंपनीची बस धरली असती.

मला राग आला आणि रागाच्या भरात मी बोलून गेले, "माझे नाना येतील." ललित लगेच म्हणाला, मग प्रश्नच मिटला. पप्पाही म्हणाले, यादवकाका असतील तर खुशाल जा.

न विचारता तुमच्या वतीने शब्द दिला. चुकले. पण याल ना?

तुमची,
स्नेहल


धुळे,
२८ ऑक्टोबर २०२४

चि. स्नेहल,
अनेक आशीर्वाद.

तुझा ललित मूर्ख आहे हे आधी लिहून ठेवतो.

पण पोरी, माझं वय त्र्याहत्तर. गुडघे बसताना एक गाणं म्हणतात आणि उठताना दुसरं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. लायसन केव्हाच संपलं, ते कुठल्या ट्रंकेत आहे तेही आठवत नाही. शिवाय तुझी लिला आजी गेल्यापासून घर बंद करून कुठे गेलो नाही. तुळशीला पाणी कोण घालेल? (तुळस नाही, ओवा आहे, पण पाणी लागतंच.)

हवं ते पत्राने विचार. रोज एक पत्र लिहीन. येणं मात्र जमेल असं वाटत नाही.

वाळूचा रंग बघायला शीक. पांढुरकी आणि लहरी असलेली वाळू घट्ट. पिवळी, गुळगुळीत, साय धरल्यासारखी दिसते ती फसवी.

तुझा,
यादव नाना


जळगाव,
५ नोव्हेंबर २०२४

आदरणीय नाना,
सप्रेम जय भीम.

तुम्ही डोळ्याचं आणि गुडघ्याचं लिहिलंत. मला वाटतं कारण वेगळंच आहे. तिथे काही वाईट घडलं होतं का? कोणी सोबती गेला का? असेल तर मी पुन्हा विचारणार नाही.

दुसरी एक शंका आहे, ती फक्त उत्सुकता म्हणून. माझं कामच दिशांचं आहे, त्यामुळे नजर तिथे जाते. तुमचं डावं कोपर काळं आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तेव्हा खिडकीवर त्याचं उजवं कोपर यायला हवं. आमच्या ऑफिसच्या गाडीवरच्या ड्रायव्हरचं मी मुद्दाम पाहून आले, त्याचं उजवंच काळं आहे. मग आठवलं, मिलिटरीकडे तेव्हा परदेशी गाड्याही असतील. त्यांचं स्टेअरिंग डावीकडे होतं का? तसंच असणार.

बरं, एक मधला मार्ग काढला आहे. रविवारी, १७ तारखेला, आम्ही गिरणेच्या पात्रात पाचही गाड्यांची तालीम करतो. पाणी एका कडेला गेलंय, मधे चांगली दोन फर्लांग वाळू आहे. तुम्ही फक्त या आणि माझ्या गाडीत बसा, चालवू नका. नंतर असोद्याला दिपमालाच्या सासऱ्यांच्या मळ्यात भरीत पार्टी आहे. हिरव्या वांग्यांसाठी तरी या.

तुमची,
स्नेहल


धुळे,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. स्नेहल,
आशीर्वाद.

कोणी गेलं नाही, काही वाईट घडलं नाही. हो, स्टेअरिंग डावीकडे होतं.

रविवारी पहाटेच्या बसने येतो. वांगी माझ्याशिवाय कोणी निवडायची नाहीत. भाजायला गॅस नको, गेल्या वर्षीच्या कपाशीच्या काड्या लागतील, दोन भारे.

यादव नाना


जळगाव,
१९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय नाना,

तुम्ही बोललात, ताट ठेवलंत आणि रस्त्याला लागलात. मागचं बोलणं ऐकून मी जीप घेऊन जळगावच्या स्टँडवर पोचले तोवर धुळ्याची बस निघून गेली होती. मागे काय काय बोलणं झालं ते तुम्हाला ऐकू आलं नसणारच, तिथे असतात तरी आलं नसतं. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

पात्रातून सुरुवात करते, कारण तिथलंही तुमच्या कानावर पडलं नाही. आपण गाड्या उतरवल्या तेव्हा काठावरून एक गृहस्थ ओरडत आले ना? ते म्हणत होते, "काय भो, दिवसाढवळ्या वाळू भरी राह्यले का?" त्यांनी तलाठ्याला फोनसुद्धा लावला होता. मग त्यांनी मला ओळखलं. मे महिन्यात मी त्यांचाच बांध मोजला होता. "मॅडम, तुम्हीबी वाळूत?" म्हणाले. तुम्ही हसून त्यांना नमस्कार केलात, त्यांना वाटलं तुम्ही ठेकेदार.

मी दार उघडलं आणि तुम्ही विचारही न करता डाव्या सीटवर जाऊन बसलात, कोपर खिडकीवर ठेवलंत. मला तेव्हा जरा शंका आली. पण तुम्ही डॅशबोर्डवर एक टिचकी मारली की हळू, दोन मारल्या की पुढे, आणि बोटाने वाळूचा रंग दाखवत गेलात, आणि मी कुठेही न अडकता पलीकडे पोचले. दोन वर्षांत मी इतकी चांगली गाडी कधी चालवली नव्हती.

ललितची गाडी फसली तेव्हा त्याने तेच केलं जे तुम्ही लिहिलं होतं. काळ्या मातीचा पाय! चाकं धुऱ्यापर्यंत गेली तरी दाबतोच आहे. तुम्ही खिडकीतून हात घालून त्याची चावी काढलीत तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. वांग्यांसाठी आणलेल्या दोन भाऱ्यांपैकी एक त्याच्या चाकांखाली गेला, आणि गाडी मी काढली, पहिल्या गिअरमध्ये, गोगलगाईसारखी.

मग मळ्यात तुम्ही बाह्या सरसावल्यात. उरलेल्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी मुसळाने ठेचली, लसूण-मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात. दिपमालाने हात लावायचा प्रयत्न केला तर तिला उठवलंत. सगळे बोटं चाटत होते, तेवढ्यात ललित मोठ्या आवाजात म्हणाला, तुम्हाला ऐकू जावं म्हणून, "ठरलं! वाळवंटात स्नेहलची गाडी नानाच चालवतील. ती बसेल मागे."

आणि तुम्ही उभे राहिलात. तुमचे शब्द मी लिहून ठेवले आहेत. "मी ड्रायव्हर नई व्हतू. मी सैपाकी व्हतू. गाडी मी कधीच चलाडी नई. सहा साल डावीकडे बसनू, बस. गाडी ही पोर चलाडस."

तुम्ही गेल्यावर ललित लालबुंद झाला. म्हणाला, "म्हणजे मला वाळूतून काढलं ते एका स्वयंपाक्याने?" मी म्हटलं, "सांगितलं स्वयंपाक्याने, काढलं मी." प्रेमराजला हसू आवरेना.

मग दिपमालाचे सासरे, रुपचंद आबा, बाजेवरून बोलले. ऐंशी पार आहेत. म्हणाले, "ड्रायव्हर गल्लोगल्ली सापडतीन. असा हात कुठी सापडन?" आणि ताट पुढे करून दुसऱ्यांदा भरीत वाढून घेतलं.

नाना, मी रागावले नाही. स्टेअरिंग डावीकडे होतं असं जे लिहिलंत, त्याचा थोडा राग आला होता, तोही उतरला. पण मला समजून घ्यायचंय. पन्नास वर्षं का?

तुमची,
स्नेहल


धुळे,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. स्नेहल,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

लिहायला घेतलं आणि तीनदा कागद फाडला. आता जसं येईल तसं लिहितो.

भरतीला गेलो तो ड्रायव्हर व्हायलाच गेलो होतो. त्यांनी विचारलं, काय येतं? मोटार मी तोवर लांबूनच पाहिली होती. आई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात असायची, चार भावंडांच्या भाकरी मी थापायचो. तेच सांगितलं. मला लंगरखान्यात धाडलं. माझे कान इंजिनाने नाही गेले, तिथल्या मोठ्या शेगडीच्या आवाजाने गेले.

पहिल्या सुटीला गावी आलो, अंगावर कडक वर्दी. पारावरच्या लोकांनी विचारलं, काय काम करतोस? आता तू समजून घे, ते कोणतं साल होतं. त्या गावात आपल्या घरचं पाणीसुद्धा कोणी तोंडाला लावत नव्हतं. आणि मी काय सांगणार होतो? दीडशे माणसं, सगळ्या जातींची, सकाळ-संध्याकाळ माझ्या हातचं जेवतात, मीठ कमी पडलं तर शिव्या देतात आणि बरं झालं तर परत मागतात? त्यांनी मला खोट्यात काढलं असतं. किंवा म्हणाले असते, शेवटी बायकांचं काम करतोस. खरं कोणाला पटणार नाही म्हणून पटेल असं खोटं बोललो. ड्रायव्हर म्हटल्यावर पारावर सगळे जरा सरकून बसले, मला जागा दिली. ती जागा सोडवेना.

लिलाला लग्नानंतर आठ दिवसांत ताप आला. घरात कोणी नव्हतं, मी भाकरी केली. तिने भाकरी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "ड्रायव्हरना हात असा नई ऱ्हास." मी रडलो. ती म्हणाली, राहू द्या, झाकली मूठ सव्वा लाखाची. मरेपर्यंत तिने मूठ उघडली नाही. दर रविवारी दाराला कडी लावून मी स्वयंपाक करायचो आणि ती बाहेर शेजारणींना सांगायची, आज भाजी मी जरा वेगळी केली आहे.

आपल्या घरी मी ज्या गोष्टी सांगितल्या त्या सगळ्या तोतारामच्या. तोताराम आमचा ड्रायव्हर. रसदीच्या ट्रकवर तो उजवीकडे, मी डावीकडे. तो रस्ता बघायचा, मी वाळू बघायचो. सहा वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या म्हण, पण एकदाही ट्रक फसू दिला नाही. पहिली दुपार सोडून. तो म्हणायचा, शिक ना यादव, आज शिक. मी म्हणायचो उद्या. एकदा एका मोकळ्या माळावर त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि मला हात धरून उजवीकडे बसवलं. मी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. ते चटका बसेल इतकं तापलं होतं. तेवढ्यात मागून साहेबाची जीप आली आणि मी उडी मारून खाली. अर्धा मिनिट असेल. पुढच्या महिन्यात तोतारामची बदली झाली.

त्या दिवशी मळ्यात मी गप्प बसलो असतो तर माझं नाव राहिलं असतं आणि तुझी सीट गेली असती. तुला मागे बसवून मी पुढे काय बघणार होतो? तरी सांगतो, बोलून झाल्यावर लाज वाटली म्हणून निघून आलो.

आता एक विचारतो. रुपचंद आबांनी खरंच दुसऱ्यांदा वाढून घेतलं? नीट आठवून परत लिही.

तुझा,
यादव नाना


जळगाव,
३ डिसेंबर २०२४

आदरणीय नाना,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं, तीच चूक झाली. टेबलावर नकाशे पसरले होते, ते ओले व्हायच्या आत गुंडाळून बाहेर गेले.

हो. रुपचंद आबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग भाकरीने ताट पुसून घेतलं. मग सुनेला विचारलं, थोडं राहिलंय का, संध्याकाळला. दिपमाला साक्षीला आहे.

ललित परवा घरी आला होता. बराच वेळ ठिबकबद्दल बोलला. उठता उठता म्हणाला, "ताई, पहिली गाडी तुझी. वाळू वाचणारा माणूस तुझ्याच गाडीत आहे." माफी त्याने मागितली नाही, पण चहाचा कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. एवढं मला पुरे.

२६ तारखेला पहाटे आम्ही धुळ्यात तुमच्या दारात. डावी सीट तुमची. कणीक पंचवीस किलो घेतली आहे. ओव्याला पाणी घालायचं मी तानुबाईंशी बोलून ठेवलं आहे, त्या म्हणाल्या, "हाऊ, घालसू."

तुमची,
स्नेहल


जळगाव,
४ जानेवारी २०२५

आदरणीय नाना,
सप्रेम जय भीम.

चार दिवसांपूर्वी तर तुम्हाला दारात सोडलं, मग पत्र कशाला? सोबत एक कागद आहे, तो तोंडी देता येत नाही.

रविवारी सकाळी त्या सपाट वाळूवर मी इंजिन चालू ठेवून उतरले आणि तुम्हाला उजवीकडे बसवलं. तुम्ही म्हणालात, "मागून कोणी येस का, देख." मी मागे पाहिलं. क्षितिजापर्यंत कोणी नव्हतं. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. मी डावीकडे बसून टिचक्या मारत होते, तुमचं लक्षच नव्हतं. तुम्ही तोतारामला मोठमोठ्याने काही तरी सांगत होतात. ते मी कोणाला सांगणार नाही.

नंतर तुम्ही वाळूने पराती घासत बसलात तेव्हा मी कुठे गेले होते, असं विचारलंत ना? मी टेप घेऊन तुमच्या चाकोरीवर गेले होते. वारा सुटला होता, दुपारपर्यंत ती पुसली गेली असती. सोबतचा नकाशा त्याच मोजणीचा आहे, उत्तर दिशा वर, प्रमाण खाली. लांबी चारशे बारा मीटर. दोनशे साठ मीटरवर चाकोरी डावीकडे वाकली आहे. चालवता चालवता तुम्ही सवयीने डाव्या खिडकीकडे पाहिलंत, तिथेच.

आजवर हजारभर मोजण्या केल्या. हद्दीवरून कोणीच भांडलं नाही, अशी ही एकच.

तुमची,
स्नेहल


धुळे,
१३ जानेवारी २०२५

चि. स्नेहल,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

नकाशा पोचला. पोस्टमनलाच आधी दाखवला. त्याने विचारलं, नाना, प्लॉट घेतला का?

चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून टाकलं की मी स्वयंपाकी होतो, ड्रायव्हर नव्हतो. कोणी विश्वास ठेवायला तयार नाही. "काय थट्टा करतस, ड्रायव्हर नाना!" मग रविवारी त्यांना घरी बोलावलं, दार सताड उघडं ठेवलं आणि अकरा जणांना बट्टी करून घातली. आता पटलं. पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हणाले, आणखी दोघांना घेऊन. ड्रायव्हर नाना हे नाव मात्र सुटत नाही, सुटू नये असंही आता वाटतं. तेवढं तर मी चालवलं आहे.

नकाशा लिलाच्या फोटोपुढे ठेवला आहे. तिला म्हटलं, मूठ उघडली गं. सव्वा लाख काही निघाले नाहीत. चारशे बारा मीटर निघाले.

तुझा,
ड्रायव्हर नाना